दृष्टी कमी झाल्यानंतर काय करायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत ‘डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही’ हे वाक्य आहे, आणि त्याखाली लगेच ‘तर मग कोणतं यंत्र घ्यावं?’ असा प्रश्न. या दोन्हींच्या मध्ये एक मोठा टप्पा राहून जातो. उरलेली दृष्टी नीट मोजून घेणं आणि ती वापरायला, किंवा तिच्याशिवाय कामं करायला शिकणं, हा तो टप्पा. यंत्राची निवड त्यानंतर करायची. त्यामुळे खालच्या काही उत्तरांत खरेदीचा सल्ला मागितलेला असूनही आम्ही आधी सरावाबद्दल लिहिलं आहे.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, जुना मधुमेह. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. आता उजव्या डोळ्यानं फक्त हात हललेला कळतो, डाव्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/६० आहे. ते दिवसभर खाटेवर बसून असतात. सुरुवात कुठून करावी? (सांगली)

सुरुवात अल्पदृष्टी तपासणीपासून करा. ही नेहमीच्या चष्म्याच्या नंबरापेक्षा वेगळी तपासणी असते. अक्षरं किती मोठी लागतात, फिकट आणि गडद यातला फरक किती कळतो, उजेड किती हवा, नजरेचा कोणता भाग शाबूत आहे, हे तीत पाहतात. चांगली तपासणी पाऊण ते एक तास चालते. पाच मिनिटांत आटोपली तर ती झालीच नाही असं समजा. ६/६०, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं, ही निरुपयोगी दृष्टी नाही. त्या दृष्टीवर घरात वावरता येतं, ताटातलं ओळखता येतं, भिंगानं वाचताही येतं.

सोबतच दिव्यांग प्रमाणपत्राचं काम हाती घ्या. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने सगळे कागद लागतात. मग सिव्हिल हॉस्पिटलात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. टक्केवारी दोन्ही डोळ्यांच्या, चष्मा लावून मोजलेल्या दृष्टीवरून ठरते. बरा डोळा ६/२४ ते ६/६० या गटात आणि दुसरा ३/६० पेक्षा कमी असेल तर ६० टक्के धरतात, म्हणजे तुमच्या वडिलांना पिवळं कार्ड (४० ते ८० टक्क्यांच्या गटाचं) मिळायला हवं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात, हे अनेकांना ऐनवेळी कळतं आणि मनस्ताप होतो.

काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या वाचकांसाठी इथेच एक सूचना. तुमची समोरची नजर ६/९ असेल, पण बाजूचं दिसत नसेल, तर फक्त तक्ता वाचून घेतलेली तपासणी तुम्हाला शून्य टक्के देईल. दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे पेरिमेट्रीचा, अलीकडचा छापील अहवाल सोबत न्या आणि तो नोंदवून घ्यायला सांगा. कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी उरलं तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी उरलं तर अंधत्व धरलं जातं.

मधुमेहामुळे आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. तसं असेल तर ब्रेल किंवा बारीक उठावाच्या खुणा त्यांना जमणार नाहीत. त्याऐवजी आवाजावर चालणारी साधनं आणि ठळक खुणा (रबर बँड, जाड ठिपके, वेगळ्या आकाराच्या बाटल्या) वापरा. बोलणारा ग्लुकोमीटर मिळतो. इन्सुलिन पेनचा ‘टिक’ आवाज बहुधा एका युनिटला एक असतो, पण केवळ आवाज मोजून डोस घेऊ नये असं पेन बनवणारेच बजावतात. डोस लावल्यावर दुसऱ्या कुणीतरी खिडकीतला आकडा पाहून घ्यावा. पायाच्या जखमा त्यांना ना दिसणार ना जाणवणार, म्हणून रोज रात्री घरातल्या कुणीतरी तळवे आणि बोटांमधली जागा बघायची.

घरात या आठवड्यात करता येईल ते एवढंच : दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा, कारण अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर येते. पायऱ्यांच्या कडेला विरुद्ध रंगाची दोन इंचांची पट्टी चिकटवा. पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढा. आणि त्यांची कामं त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. चहा गाळताना सांडला तर सांडू द्या.

प्रशिक्षणासाठी नॅब, म्हणजे १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली राष्ट्रीय अंध संघटना, हे पहिलं दार. तिच्या महाराष्ट्र शाखेचं मुख्यालय नाशिकला आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय याच संस्थेचं. फोन केल्यावर ‘चलनवलन (काठी घेऊन एकट्यानं सुरक्षित फिरणं) आणि दैनंदिन कौशल्यं शिकवता का, घरी येऊन शिकवता का?’ असं स्पष्ट विचारा. ‘मदत हवी आहे’ एवढंच सांगितलं तर बरेचदा नुसती काठी हातात पडते.

प्रश्न : आईला मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा) आजार आहे. तिच्यासाठी ऑनलाइन ‘१० एक्स’ लिहिलेलं मोठं भिंग मागवलं, पण पेपर वाचता येत नाही. आणखी मोठं घ्यावं का? (नाशिक)

आणखी मोठं घेऊ नका. तुमचं भिंग बहुधा १० पट नाहीच. भिंगाची ताकद आणि त्याचा आकार एकमेकांच्या विरुद्ध चालतात. खरं १० पट भिंग ४० डायॉप्टरचं असतं (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं एकक), त्याचं नाभीय अंतर, म्हणजे लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा पडते ते अंतर, अडीच सेंटिमीटर, आणि त्याची काच छोटीशी असते. तळहाताएवढं भिंग दोन-अडीच पटींपलीकडे क्वचितच जातं, पॅकेटवर काहीही छापलेलं असो.

घरी तपासून पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि बाहेरच्या झाडाची उलटी, स्पष्ट प्रतिमा भिंतीवर पडेपर्यंत मागेपुढे करा. (सूर्यावर हा प्रयोग करू नका.) भिंतीपासून भिंगापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. १०० ला त्या अंतरानं भागलं की डायॉप्टर मिळतात, आणि त्याला ४ नं भागलं की पट. अंतर २० सेंमी आलं तर ५ डायॉप्टर, म्हणजे जेमतेम सव्वा पट.

आईला किती हवं याचा ढोबळ अंदाज दृष्टीच्या अपूर्णांकावरून येतो. ६/६० असेल तर ६० भागिले ६, म्हणजे १० डायॉप्टर, हे वर्तमानपत्राच्या अक्षरांसाठी किमान. सलग आणि न दमता वाचायचं तर प्रत्यक्षात याहून जास्त लागतं. नेमका आकडा तपासणीतच ठरवा, कारण मॅक्युलाच्या आजारात मधला डाग किती मोठा आहे यावर बरंच अवलंबून असतं.

भिंग योग्य असूनही वाचता येत नाही, याची कारणं बहुतेक वेळा पुढचीच निघतात. हातातलं भिंग कागदापासून त्याच्या नाभीय अंतरावर धरायचं असतं. कागदाला टेकवलं तर मोठं दिसत नाही. तसं धरलं की चष्म्याच्या वरच्या, लांबच्या भागातून बघायचं. बायफोकलच्या खालच्या भागातून पाहिलं तर अक्षर उलट धूसर होतं. पायांवर उभ्या राहणाऱ्या स्टँड भिंगाचं मात्र याच्या उलट : ते कागदावर टेकवूनच वापरायचं आणि सोबत जवळचा चष्मा लावायचा. हात थरथरत असेल तर स्टँड भिंगच घ्या. भिंग डोळ्याजवळ आणलं की एका नजरेत जास्त शब्द मावतात, पण आपल्याकडे सगळे ते हातभर लांब धरतात.

उजेडाकडे तर कुणी लक्षच देत नाही. छतावरच्या ट्यूबलाइटपेक्षा बऱ्या डोळ्याच्या बाजूनं, खांद्याच्या मागून येणारा टेबल लॅम्प चांगला. दिवा निम्म्या अंतरावर आणला तर कागदावर चौपट उजेड पडतो, म्हणजे जास्त वॅटचा दिवा घेण्यापेक्षा दिवा जवळ ओढणं सोपं. कागदाची चकाकी टोचत असेल तर काळ्या जाड पुठ्ठ्यात १५ सेंमी लांब आणि दीड सेंमी रुंद फट कापा आणि ती ओळीवर ठेवून वाचा. ओळही चुकत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त सराव लागणारं : मधला भाग झाकला गेल्यामुळे आईनं शब्दाकडे थेट बघून उपयोग नाही. शब्दाच्या थोडं वर, खाली किंवा बाजूला नजर ठेवली की तो उरलेल्या चांगल्या भागावर पडतो. तिची चांगली दिशा शोधायला घड्याळाच्या तबकडीचा उपयोग करा. मध्यभागी एक मोठं अक्षर लिहा, तिला एकेका आकड्याकडे बघायला सांगा आणि कोणत्या आकड्याकडे बघताना मधलं अक्षर सगळ्यात स्पष्ट होतं ते विचारा. मग रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, आधी मोठ्या सुट्या अक्षरांवर, नंतर शब्दांवर, मग ओळींवर. काही आठवडे लागतात. या सरावाआधी महागडा व्हिडिओ मॅग्निफायर (कॅमेऱ्यानं अक्षरं पडद्यावर मोठी दाखवणारं यंत्र) घेतला तर तोही कपाटात जातो.

दाराची चौकट किंवा फरशीच्या रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करा. त्या प्रकारात वेळेवर दिलेली इंजेक्शनं उरलेली दृष्टी वाचवू शकतात.

प्रश्न : आजीला (वय ८१) काचबिंदूनं फारच कमी दिसतं. तिला अंगणात रंगीत कपड्यांतली लहान मुलं, भिंतीवर वेलबुट्टी दिसते. गावात ‘बाहेरचं’ म्हणून उपाय चालले आहेत. तिला वेड लागतंय का? (सिंधुदुर्ग)

नाही. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच दृश्यांची नोंद केली होती. डोळ्यांकडून संदेश येणं कमी झालं की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. ही दृश्यं मूक असतात, बोलत नाहीत, आज्ञा देत नाहीत, आणि बहुतेक वेळा ती खरी नाहीत हे त्या व्यक्तीला समजावल्यावर पटतं. आजी भ्रमात नाही, तिला खरंच दिसतंय.

दृश्य आलं की उजेड लावा, किंवा अंधूक उजेड असेल तर बदला. डोकं न हलवता डोळे डावीकडे-उजवीकडे पंधरा सेकंद फिरवायला सांगा. उठून दुसऱ्या खोलीत जाणं, दृश्याला हात लावायला जाणं, यानंही ते मोडतं. बऱ्याच जणांना कालांतरानं ते कमी होत जातं. आवाजही ऐकू येत असतील, ती घाबरून आक्रमक होत असेल, दिवसरात्रीचं भान सुटत असेल किंवा नवं औषध सुरू झाल्यावर हे आलं असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं. एरवी तिला सगळ्यात जास्त गरज आहे ती ‘तुला दिसतंय यावर आमचा विश्वास आहे’ हे ऐकण्याची. अनेक म्हाताऱ्या माणसांनी वेड्यात काढतील या धास्तीनं हे वर्षानुवर्षं लपवलेलं असतं.

प्रश्न : बाबांच्या फोनवर टॉकबॅक सुरू करून दिलं, पण फोन ‘अडकला’ म्हणून त्यांनी तो फेकूनच दिला. शिकवायची पद्धत काय? (अकोला)

टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय, सुरू झालं की स्पर्शाचे नियमच बदलतात. हे सांगितलं नाही तर फोन बिघडला असंच वाटणार. एका स्पर्शानं फोन फक्त वाचून दाखवतो. उघडायचं असेल तर स्क्रीनवर कुठेही दोनदा टकटक करायची, नेमक्या बटणावर करायची गरज नाही. वरखाली जायला दोन बोटं सरकवायची.

आधी तुम्ही तयारी करा. सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅकचा शॉर्टकट चालू करा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की ते सुरू-बंद होईल. मग ‘टेक्स्ट टू स्पीच’मध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठी आवाज डाउनलोड करा. तो नसेल तर फोन मराठी मजकूर परक्या उच्चारात वाचतो किंवा गाळून टाकतो. वेग सुरुवातीला कमी ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून टॉकबॅकला वगळा. काही फोन स्क्रीन बंद झाली की ते मारून टाकतात आणि माणूस मुका फोन हातात घेऊन बसतो. पहिल्या पानावर फक्त चार चिन्हं ठेवा : फोन, संदेश, रेडिओ किंवा गाणी, आणि कॅमेऱ्यानं वाचून दाखवणारं एक अॅप.

पहिले तीन-चार दिवस एकच हालचाल : एका बोटानं उजवीकडे झटका म्हणजे पुढची वस्तू, डावीकडे झटका म्हणजे मागची. बोट हळू फिरवलं तर फोन त्याला शोधणं समजतो, झटका नाही. बहुतेक ज्येष्ठांची गाडी इथे अडते. म्हणून उशीच्या अभ्र्यावर झटक्याचा सराव आधी करून घ्या. ते जमलं की दोनदा टकटक. मग आलेला फोन दोन बोटांनी दोनदा टकटक करून उचलणं, आणि त्याच खुणेनं ठेवणं. बडबड थांबवायला दोन बोटांनी एकदा टकटक. नव्या आवृत्त्यांत तीन बोटांनी टकटक केली की टॉकबॅकचा मेनू उघडतो. त्यात स्क्रीन काळी ठेवण्याची सोय आहे. बँकेचं अॅप वापरताना ती लावायची आणि पिन टाकताना कानात इअरफोन घालायचा.

टंकलेखनात वेळ घालवू नका. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येतं. आणि शिकवताना त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः करून दाखवू नका. त्यांना तुमची बोटं दिसत नाहीत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) आहे. इंग्रजी पीडीएफ नीट वाचतं, पण मराठी नोट्स उघडल्या की ‘ई, जी, के, जे, के’ असलं काहीतरी ऐकू येतं. दोष कशात आहे? (परभणी)

दोष एनव्हीडीएत नाही, फाइलमध्ये आहे. आणि हा मराठीपुरता अत्यंत गंभीर प्रश्न आहे, कारण आपल्या क्लासेसच्या नोट्स, परिपत्रकं आणि छापखान्यांच्या फाइली अजूनही त्याच जुन्या पद्धतीनं तयार होतात.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पडद्यावर ‘महारा’ दिसतं, पण फाइलीत साठवलेलं असतं ते ई-जी-के-जे-के. डोळस माणूस आकार वाचतो, स्क्रीन रीडर साठवलेला संकेत वाचतो. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठवला जातो, म्हणून ती फाइल बोलते.

फाइल आली की चाचणी घ्या : पाच-सहा शब्द निवडून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि ऐका. इंग्रजी अक्षरं आली तर जुना फॉन्ट. काहीच निवडता आलं नाही तर तो स्कॅन केलेला फोटो. मराठी आलं पण जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटल्या असतील तर मजकूर युनिकोड होता, पण पीडीएफ करताना त्याचा संकेत-तक्ता बिघडला. या तिसऱ्या प्रकारात पीडीएफ दुरुस्त करत बसू नका, मूळ वर्ड फाइल मागा. पीडीएफ हवीच कशाला?

जुन्या फॉन्टसाठी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या यादीत नाव बघा आणि त्याच फॉन्टचा परिवर्तक (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वापरा. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, श्रीलिपीच्या तर वेगवेगळ्या मांडण्या आहेत. फॉन्ट सापडत नसेल किंवा फाइल फोटो असेल तर ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्सनं उघडली की मराठी मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, मोठी असेल तर तुकडे करा. संगणकावरच करायचं तर टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. स्कॅन ३०० डीपीआयचा आणि सरळ हवा. ओसीआरच्या चुका ठरलेल्या असतात : अनुस्वार गळतो, रफार भलत्या अक्षरावर बसतो, दोन स्तंभांचा मजकूर एकमेकांत मिसळतो आणि ३ व ८ सारखे आकडे बदलतात. कलमांचे क्रमांक, सनावळ्या आणि आकडेवारी कुणाकडून तरी एकदा मूळ पानाशी ताडून घ्या. परीक्षेत नेमकं तेच विचारलं जातं.

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनात मराठी आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण जलद वाचनात तोच टिकतो. लिहायला इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एफ व जे या कळांवरच्या उठावावरून बोटं जागेवर बसतात. न बघता टंकलेखनासाठी याच्याइतकी तर्कशुद्ध मांडणी दुसरी नाही.

क्लासनं फाइल द्यायला ‘कॉपीराइट’चं कारण दिलं तर त्यांना सांगा, कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांगांसाठी वाचनसुलभ प्रत विनानफा तत्त्वावर तयार करायला परवानगी लागत नाही. तयार पुस्तकांसाठी २०१६ पासून चालू असलेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासद व्हा. मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्रही या कामातलं अनुभवी आहे. परीक्षेत लेखनिकासोबत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज भरतानाच तो रकाना भरा, नंतर धावपळ होते.

प्रश्न : भावासाठी साधी पांढरी काठी घ्यावी की आवाज-कंपन देणारी स्मार्ट काठी? (बेळगाव)

साधी आधी. आयआयटी दिल्लीनं विकसित केलेली आणि २०१४ मध्ये आलेली स्मार्टकेन ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे, तीन मीटरपर्यंतचे, कंपनानं कळवते. टेम्पोचा मागे आलेला फाळका, वाकलेली फांदी, खिडकीची उघडी झडप यांच्याखालून साधी काठी निघून जाते आणि मार छातीला किंवा तोंडाला बसतो. तिथे हे यंत्र खरंच उपयोगी आहे. पण खड्डा, उघडं गटार, पायरी हे कळतं ते काठीच्या टोकानंच. काठीचं तंत्र पक्कं नसताना यंत्र दिलं तर माणूस कंपनाकडे लक्ष देतो आणि टोकाकडे दुर्लक्ष करतो.

उंची अशी ठरवा : सरळ उभं राहून जमिनीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. भरभर चालणाऱ्याला त्याहून चार-पाच सेंमी जास्त लागते. फुकट वाटपात सगळ्यांना एकाच मापाची काठी मिळते, आणि आखूड काठीनं सूचना मिळेपर्यंत पाऊल खड्ड्यात पडलेलं असतं.

मूठ बेंबीसमोर, तर्जनी काठीच्या सपाट बाजूवर लांब ठेवलेली. हालचाल मनगटातून, खांद्यातून नाही. कमान खांद्यांपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंमीच रुंद. डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवं पडताना डावीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. हा ताल सुटला की काठी आणि पाऊल एकाच बाजूला जातात आणि दुसरी बाजू उघडी पडते. पेव्हर ब्लॉकच्या फटींत बारीक टोक अडकतं, तिथे फिरतं जाड टोक बसवून टोक जमिनीला लावूनच चालावं. घडीच्या काठीतली लवचीक दोरी सैल झाली की सांधे चालताना निसटतात. ती बदलून मिळते, काठी फेकू नका. पावसाळ्यात घरी आल्यावर सांधे उघडून पुसा.

कुणी मदत करायला आलं तर भावानं त्याचा कोपराच्या वरचा भाग धरून अर्धं पाऊल मागे चालावं. दंड धरून ढकलणाऱ्या माणसापुढे अंध व्यक्तीच पहिली पायरीवर आदळते.

प्रश्न : नोटा ओळखायची खात्रीशीर पद्धत आहे का? माझं किराणा दुकान आहे. (चिपळूण)

नव्या मालिकेतल्या ५०, १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिमी. लांबी अनुक्रमे १३५, १४२, १४६ आणि १५० मिमी. शंभर, दोनशे आणि पाचशेत फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक असल्यानं नुसत्या हातानं चूक होते. ६६ बाय १४२ मिमीचा जाड प्लास्टिकचा तुकडा कापून गल्ल्यात ठेवा. नोट त्यावर एका टोकाला जुळवून ठेवा : बरोबर बसली तर शंभर, थोडी बाहेर आली तर दोनशे, दुप्पट बाहेर आली तर पाचशे, आत राहिली तर पन्नास. रुंदीलाही बाहेर आली तर ती जुन्या मालिकेतली. जुनी शंभराची नोट ७३ बाय १५७ मिमी, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा मोठी असते. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. १० आणि २० च्या नव्या नोटा ६३ मिमी रुंद, लांबी १२३ आणि १२९.

कडेच्या उठावाच्या तिरप्या रेघा शंभरावर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. दुकानात फिरून आलेल्या नोटेवर त्यांच्या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अॅप जानेवारी २०२० पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि घडी घातलेली नोटही ओळखतं. खोटी नोट मात्र ते ओळखत नाही.

नाण्यांत २०१९ च्या मालिकेतलं २० रुपयांचं नाणं बारा कडांचं आहे. त्याचा आणि दहाच्या नाण्याचा आकार जवळजवळ सारखा, म्हणून कड फिरवून बघा.

प्रश्न : वय ३८. दृष्टी गेली आहे. फोन सगळं वाचून दाखवत असताना ब्रेल शिकण्यात अर्थ आहे का? (इंदूर)

आहे, पण सगळ्यांसाठी सारखा नाही. डबे, औषधं, फाइली यांवर चिकटवायच्या पट्ट्या, सभेत बोलताना मुद्दे, हिशेब, शुद्धलेखन, यासाठी ब्रेलला पर्याय नाही. ऐकून ‘की’ ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. कादंबऱ्या मात्र ऐकाच. मोठेपणी शिकणाऱ्याचा वेग मुलांइतका होत नाही, तरी पट्ट्या वाचण्यापुरतं ब्रेल रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत येतं.

भारती ब्रेल १९५१ पासून देशभर एकच आहे, त्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही एकदमच येतात. सहा ठिपके, प्रत्येकाला १ ते ६ असा क्रमांक : ‘अ’ हा १, ‘क’ म्हणजे १ आणि ३, ‘ल’ म्हणजे १, २, ३. मात्रा नेहमी व्यंजनानंतर येते, त्यामुळे ‘कि’मध्ये आधी क आणि मग ऱ्हस्व इ. डोळ्यांनी देवनागरी शिकलेल्यांचा इथे सुरुवातीला गोंधळ होतो. ब्रेल पाटीवर स्टायलसनं (टोचणीनं) उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. साधा वहीचा कागद घेऊ नका, ठिपके दोनदा वाचल्यावर बसतात. १२० जीएसएमच्या पुढचा जाड कागद घ्या.

प्रश्न : बँक म्हणते, तुम्हाला दिसत नाही म्हणून चेकबुक आणि एटीएम कार्ड देता येणार नाही. दुसऱ्या बँकेच्या अॅपवर केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ येतं आणि ते पूर्णच होत नाही. (ठाणे)

चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, कर्ज यांपैकी कशासाठीही केवळ दृष्टी नाही म्हणून नकार देता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं ४ जून २००८ च्या परिपत्रकानं बँकांना हे स्पष्ट कळवलेलं आहे. शाखेत वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, त्यात या परिपत्रकाची तारीख लिहा, पोच घ्या आणि नकार असेल तर तोही लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी नकाराची मागणी होताच काम होतं. नाही झालं तर बँकेच्या तक्रार विभागाकडे जा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

डोळे मिचकावण्याबद्दल : ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता यावी म्हणून २० निर्देश दिले. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं आहे, आणि माणूस जिवंत समोर आहे हे तपासण्यासाठी डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग द्यायला सांगितलं आहे. तक्रारीत या निकालाचा तारखेसह उल्लेख करा आणि अॅप नेमकं कोणत्या पायरीवर अडलं ते लिहा : कोणता फोन, टॉकबॅक चालू होतं का, स्क्रीननं काय वाचलं. अशा तपशिलाची तक्रार थेट तांत्रिक विभागाकडे जाते. तोवर शाखेत जाऊन कागदांवर केवायसी करून घ्या, म्हणजे खातं अडकून राहणार नाही.